नवं सील, जुनी खाच

हुस्कवर्ना २६६ हे चेनसॉ मशीन (लाकूड कापायची इंजिनवरची करवत) दुरुस्तीला आलं तेव्हा त्याच्याबरोबर पिशवीत दोन पकडलेले, म्हणजे तापून सिलिंडरला चिकटलेले, पिस्टन होते आणि तिसरा सिलिंडरच्या आत होता. मालकाची मागणी साधी होती: चौथा पिस्टन शोधून बसवा. मशीन ६६.७ सीसीचं, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ३४. पिस्टन मिळाला असता. पण तिन्ही पिस्टनांच्या एक्झॉस्टकडच्या अंगावर उभे ओरखडे आणि इनटेककडची बाजू जवळपास स्वच्छ, हे दिसल्यावर आधी पिस्टनच शोधायला लागणं म्हणजे मालकाचे पैसे पुन्हा जाळणं होतं.

ओरखडे कुठे आहेत यावरून बरंच कळतं. पिस्टन चारी बाजूंनी सोलला असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल पडलेलंच नसतं. इनटेककडे मळकट, बोथट घासलेलं असेल तर एअर फिल्टर धूळ आत सोडत असतो. फक्त एक्झॉस्टकडे असेल तर इंजिन तापलेलं असतं, आणि सिलिंडरच्या थंडाव्याच्या पाकळ्या स्वच्छ असताना ते तापतं बहुधा पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असलेल्या मिश्रणामुळे. कार्बोरेटर टिलॉटसन कंपनीचा, एचएस मॉडेलचा. डायफ्राम मऊ, सुई नीट बसणारी, जाळी साफ, टाकीतला फिल्टरही नवा. इंधन पुरेसं येत होतं, म्हणजे जास्तीची हवा कुठून तरी आत शिरत होती. कार्बोरेटरचा L स्क्रू (कमी वेगाचं पेट्रोल ठरवणारा) नेहमीपेक्षा बराच बाहेर काढलेला होता. हवेची भरपाई कोणीतरी पेट्रोलने केली होती.

सायलेन्सर काढून एक्झॉस्टवर रबराचा तुकडा आणि पत्र्याची पट्टी आवळली, कार्बोरेटरच्या जागीही तसंच, आणि प्लगच्या भोकातून हातपंप जोडला. पिस्टन तळाला आणायचा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट (क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये जाणाऱ्या वाटा) उघडे राहतात आणि क्रँककेस, म्हणजे क्रँक फिरतो ती खालची बंद पेटी, तीही त्याच दाबाखाली येते. ०.५ बार दाब भरला. काटा हलला नाही, साबणाच्या पाण्याला कुठेही बुडबुडा नाही. अनेक जण इथेच थांबतात, आणि या मशीनचं आधी तेच झालं असणार. पंप व्हॅक्यूमवर लावून ०.५ बार खेचलं आणि काही सेकंदांत काटा शून्याकडे निघाला. २० सेकंदांनंतरही ०.३ बारच्या वर व्हॅक्यूम उरायला हवा.

हा फरक सीलच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या क्लचकडच्या आणि फ्लायव्हीलकडच्या टोकांवर हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांच्या, रचनेतून येतो. सीलची लिप (शाफ्टला टेकणारी पातळ कड) आतल्या बाजूला तोंड करून बसते. आतून दाब आला की ती शाफ्टवर आणखी घट्ट दाबली जाते; आत व्हॅक्यूम झाला की उचलली जाते आणि फक्त बारीक गोल स्प्रिंगच्या जोरावर टिकते. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये प्रत्येक फेऱ्यात दाब आणि व्हॅक्यूम दोन्ही होतात. म्हणून एकाच चाचणीवर विश्वास ठेवू नये.

व्हॅक्यूममध्ये बुडबुडे दिसत नाहीत, तेव्हा गळती शोधायला सीलभोवती थोडं ऑइल सोडतो. क्लचकडे काही फरक पडला नाही. फ्लायव्हीलकडे ऑइल पडताच काटा थबकला. पण तिथलं सील नवं होतं, मऊ होतं, लिपवर चीरही नव्हती. मागच्या दुरुस्तीत दोन्ही सीलं बदललेली, त्यामुळे कोणाचा संशय तिकडे गेलाच नव्हता.

सील काढून क्रँकच्या टोकावरून नख फिरवलं आणि कारण सापडलं. जुन्या सीलने वर्षानुवर्षं शाफ्टवर एक गोल खाच पाडली होती आणि नव्या सीलची लिप नेमकी तिच्यातच बसत होती. लिपचा आतला व्यास खाचेच्या तळाशी पुरेसा ताण देत नव्हता. उपाय सोपा आहे: ६०० आणि मग १००० नंबरचा पॉलिश पेपर शाफ्टभोवती गोल फिरवायचा (लांबीच्या दिशेने कधीच नाही, त्या रेघांतूनच हवा आत येते), आणि सील साधारण १ मिलिमीटर बाहेर ठेवायचं, म्हणजे लिप कोऱ्या पट्ट्यावर येते. फ्लायव्हील त्याला घासत नाही ना, हे आधी बघावं. बसवताना चावीच्या खाचेवर पातळ प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळावी. त्या खाचेची धार लिप कापते.

पार्टच्या शोधाबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. ६१, २६६, २६८ आणि २७२ ही एकाच घराण्यातली मशीनं, स्ट्रोक सगळ्यांचा ३४ मिलिमीटर. म्हणून कोणी मोडीत काढलेलं ६१ मिळालं तर सोडू नये. पिस्टन मात्र बोअर जुळला म्हणून मागवू नये: पिनचा व्यास, पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची आणि रिंगची जाडी मोजून मगच. मी मेटिओर कंपनीचा पिस्टन आणि केबर कंपनीच्या रिंगा घेतल्या. बेअरिंग मशीनच्या नावाने न शोधता अंगावरच्या नंबराने शोधावं. ६२०२ म्हणजे आतला व्यास १५, बाहेरचा ३५ आणि जाडी ११ मिलिमीटर, आणि घ्यायचं ते C3 क्लिअरन्सचं, म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक असलेलं. सीलवरही आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. जुना, न वापरलेला माल धातूचा असेल तर सोनं, रबराचा असेल तर नको. पाकिटात तीस वर्षं पडलेलं सील पाकिटातच कडक होतं.

सिलिंडर वाचला. भिंतीला चिकटलेलं ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्याने काढलं, कापसाच्या काडीने, पोर्टच्या कडा टाळून, हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी ठेवून, कारण हायड्रोजन सुटतो. बुडबुडे थांबले की काम झालं. मिठाच्या आम्लाचा (हायड्रोक्लोरिक ॲसिडचा) सल्ला सर्रास मिळतो, पण क्रोम मुलाम्याच्या जुन्या सिलिंडरवर ते क्रोमच खातं.

मग जुळणी. रिंगचं तोंड (तिच्या दोन टोकांमधली फट) ०.३ मिलिमीटर, पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, पिन धरून ठेवणाऱ्या सर्क्लिप नव्या आणि त्यांची तोंडं वर किंवा खाली, आडवी नाहीत. पिस्टनचा माथा आणि सिलिंडरचं छत यांच्यातली फट मोजायला प्लगच्या भोकातून सोल्डरची तार घालून फ्लायव्हील एकदा फिरवला. चेपलेली तार ०.८ मिलिमीटर निघाली, ०.५ च्या खाली असती तर गॅस्केटचा विचार करावा लागला असता. कॉइल आणि फ्लायव्हीलमधली फट ०.३. दाब आणि व्हॅक्यूम, दोन्ही चाचण्या पुन्हा.

पहिली टाकी लिटरला २५ मिली ऑइल घालून, H स्क्रू (जास्त वेगाचं पेट्रोल ठरवणारा) जरा जास्त उघडा ठेवून चालवली, मग टॅकोमीटर लावून मिनिटाला १२,५०० फेऱ्यांवर आणलं. त्यानंतर इंजिन गरम असतानाच व्हॅक्यूम पुन्हा मोजला. काटा जागचा हलला नाही. L स्क्रू आता एका फेऱ्याच्या आसपास आहे. मालकाला चिठ्ठीत लिहून दिलं: आयडल (रेस न देता इंजिन फिरण्याचा वेग) आपोआप चढायला लागलं तर स्क्रूला हात न लावता मशीन बंद करा आणि आणा.