पठाणकोट ते पुणे, डावा पाय प्लास्टरमध्ये

धरमशालेजवळच्या त्रिउंड डोंगरावरून उतरताना, गल्लू देवीच्या देवळाच्या जरा अलीकडे, पायाखालचा दगड सरकला आणि डावा घोटा मुरगळत खाली गेला. ऑक्टोबर 2018. बाहेरच्या बाजूचं हाड मोडलं होतं, पण जागचं हललं नव्हतं, त्यामुळे ऑपरेशन टळलं. सुरुवातीचे दिवस सूज वाढते म्हणून डॉक्टरांनी आधी नुसती स्लॅब, म्हणजे एका बाजूने प्लास्टरची पट्टी, बांधली आणि सहाव्या दिवशी गुडघ्यापर्यंत पक्कं प्लास्टर घातलं. पाय जमिनीला अजिबात टेकवायचा नाही, अशी ताकीद दिली. आम्ही धरमशालेत, घर पुण्यात.

विमानात पाय तासन् तास खाली सोडून बसावं लागलं असतं. मला आडवं व्हायचं होतं. झेलम एक्स्प्रेस पठाणकोट कॅंटहून रात्री निघते आणि दोन रात्री काढून पुण्याला पोचते. दोन हजार किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, पण मध्ये कुठे गाडी बदलायची नाही. भाच्याने एसी टू-टियरचा खालचा बर्थ मिळवला आणि माझं निम्मं ओझं उतरलं.

खरा घाम फुटला तो पठाणकोटला. आपल्याकडे उंच प्लॅटफॉर्मसुद्धा रुळांपासून 760 ते 840 मिलिमीटर असतो आणि डब्याचा तळ सव्वा मीटरच्या वर. राहिलेला जवळजवळ अर्धा मीटर दांड्याला धरून चढायचा. धडधाकट माणसाच्या तो लक्षातही येत नाही. कुबड्या घेतलेल्या माणसाला ती भिंत वाटते, आणि गाडी थांबणार पाचेक मिनिटं. फिजिओने शिकवलं होतं, ‘चढताना चांगला पाय आधी, उतरताना प्लास्टरचा आधी.’ पण इतक्या उंच पायरीवर एका पायाने उडी घ्यायची माझी हिंमत होईना. शेवटी मी दाराकडे पाठ केली, डब्याच्या तळावर बसले आणि दोन्ही हातांनी रेटत मागे सरकले. भाच्याने प्लास्टर खालून तोलून धरलं होतं. मागून रजेवर निघालेल्या एका जवानाने काखेत हात घालून मला आत ओढलं. ‘ताई, पाय सांभाळा, बाकीचं मी बघतो,’ असं मराठीत ऐकलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

पहिल्या रात्री पाय रस्त्याकडे करून झोपले. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅगा दोनदा प्लास्टरला लागल्या आणि ठणका पार मांडीपर्यंत गेला. मग डोकं रस्त्याकडे आणि पाय खिडकीकडे केला, खाली दोन उशा आणि घडी केलेली घोंगडी. ज्यांना असा प्रवास करायचाय त्यांनी पहिल्यापासून असंच झोपावं.

दर दोन तासांनी भाचा मोबाइलचा उजेड पाडायचा. ‘मावशी, बोटं हलव.’ मी हलवायचे. तो अंगठ्याचं नख दाबायचा, ते पांढरं व्हायचं आणि सोडल्यावर लगेच गुलाबी. बोटं निळी-गार पडली, बधिर झाली किंवा गोळी घेऊनही दुखणं वाढत गेलं, तर पुढच्या मोठ्या स्टेशनावर उतरून प्लास्टर चिरून घ्यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे भाच्याने कागदावर अंबाला, दिल्ली, झाशी, भोपाळ, भुसावळ अशा वेळा लिहून ठेवल्या होत्या. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात टोचायचं इंजेक्शनही रोज होतं.

चूक माझी झाली ती पाण्याची. संडासाला जावं लागू नये म्हणून दिल्लीपर्यंत मी जेमतेम दोन घोट प्यायले. पाणी कमी पडलं की गुठळीचा धोका वाढतो, हे मला सांगितलेलं होतं, तरी मी तसं वागले. भाचा रागावला आणि त्याचं बरोबर होतं. मग एक पद्धत बसली. गाडी स्टेशनात उभी असताना, हेलकावे नसताना, कुबड्यांवर दारापर्यंत जायचं. प्लास्टरवर प्लॅस्टिकची पिशवी, ओल्या फरशीवर कुबडीचं रबर आधी दाबून बघायचं, आत गेल्यावर कुबड्या भाच्याकडे आणि हात दांड्यावर. गाडी हलली की मगच बाकीचं. परतताना पुढचं स्टेशन येईपर्यंत बेसिनपाशी उभं राहायचं. वीस पावलांना कधी कधी अर्धा तास लागे.

आग्रा सुटल्यावर दुपारी चंबळचं खोरं आलं. उशांवर चढवलेला पाय, प्लास्टरमधून डोकावणारी पाच सुजरी बोटं, आणि त्यांच्या मागे खिडकीभर पसरलेल्या पिवळ्या मातीच्या घळी. इतकं संथपणे, पडल्या पडल्या, मी चंबळ कधी पाहिली नव्हती. नर्मदा रात्री गेली, पुलाचा आवाज तेवढा ऐकला आणि हात जोडले. भुसावळला केळी आणि गरम चहा आला तेव्हा घर जवळ आल्यासारखं वाटलं. जवान नगरला उतरला. जाताना भाच्याला म्हणाला, ‘उतरवताना प्लास्टर सोडू नको, शेवटपर्यंत धर.’

दौंडपासूनच मला पुण्याच्या प्लॅटफॉर्मची धास्ती लागली होती. गाडी थांबली, गर्दी ओसरली, मी सरकत दारात येऊन बसले. खाली हमालदादा व्हीलचेअर घेऊन उभे होते. मी घाईने पाय पुढे काढला तसा त्यांनी हात वर केला.

‘सावकाश या ताई. गाडी इथंच संपते.’