फॅट किती ते नको, फॅट कसली ते सांगा

प्रयोगशाळेच्या अहवालावर दुधातल्या फॅटचा एकच आकडा होता. ३.७. अकरा दिवस थांबून, फी भरून, बर्फात घालून नेलेल्या दुधाबद्दल मला घरी आधीच माहीत असलेला आकडा सहीशिक्क्यासह परत मिळाला.

मुळात तपासणी कशासाठी, तर आमच्या गाई मुरघास, पेंड आणि मक्याच्या भरड्यावर होत्या, त्यांना चराईवर आणलं. खुराक एकदम तोडला नाही, तीन आठवडे घेतले, त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. त्यानंतर मात्र दोन गोष्टी दिसल्या. ४.१ लागणारी फॅट ३.७ वर आली. आणि लोणी पिवळंधमक झालं, शिवाय इतकं मऊ की फ्रीजमधून काढल्या काढल्या सुरी आत जायला लागली. यजमानांनी निकाल देऊन टाकला, फॅट उतरली म्हणजे दूध उतरलं. मी म्हटलं, अहो, किती आहे ते तुम्ही बघितलंत, कसली आहे ते कुठे बघितलंय?

फॅट का उतरली ते मला कळत होतं. कोवळ्या, रसरशीत गवतात तंतू कमी. तंतू कमी म्हणजे रवंथ कमी, आणि तंतूंपासून कोटीपोटात (गाईच्या पहिल्या, मोठ्या पोटात) जे ॲसिटिक आम्ल तयार होतं तेही कमी. कासेत फॅट बनते ती बरीचशी त्याच कच्च्या मालावर. गाई ठणठणीत होत्या, गवत जून झालं की आकडा थोडा सावरतो हेही ठाऊक होतं. मला हवा होता तो दुसरा कागद.

तर फॉर्म. त्यावर चार चौकटी: फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ), प्रथिने, भेसळ. मी खिडकीवर विचारलं, मला दुधातल्या फॅटचा दर्जा बघायचाय, कुठे खूण करू? खिडकीवरचा माणूस म्हणाला, "फॅटच ना? मग फॅटवर करा." मी केली. चूक माझीच, पण अजून राग जात नाही. फॅटच्या तपासणीत काय करतात, तर १०.७५ मिली दूध, १० मिली गंधकाम्ल, १ मिली अमाइल अल्कोहोल एका नळीत घालून फिरवतात आणि वर तरंगलेला पिवळसर थर नळीवरच्या रेघांवर मोजतात. थर किती उंच, एवढंच कळतं. दुधाच्या फॅटमध्ये ४०० च्या आसपास फॅटी ॲसिड, म्हणजे फॅट ज्यांची बनते ती आम्लं, असतात, त्यांतली कुठली जास्त आणि कुठली कमी हे त्या नळीला विचारणं म्हणजे पोतं वजनकाट्यावर ठेवून आत गहू आहे की ज्वारी ते विचारणं.

दुसऱ्या वेळी शेऱ्याच्या रकान्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘फॅटी ॲसिड प्रोफाइल, गॅस क्रोमॅटोग्राफीने’. खिडकीवरच्याने वाचलं, मान हलवली, बाटली घेतली. सहाव्या दिवशी फोन आला, "ताई, नमुना नासलाय, नवीन आणा." बाटली त्यांनी रोजच्या नमुन्यांबरोबर नुसती फ्रीजमध्ये ठेवली होती, आणि फॅटी ॲसिड वेगवेगळी करून मोजणारं ते गॅस क्रोमॅटोग्राफीचं मशीन आठवड्यातून एकदाच लागतं. फी परत मिळणार नाही, कारण ‘नमुना स्वीकारला गेला होता’. मी आवाज चढवला. त्याने काही उपयोग झाला नाही, एवढंच की पुढच्या वेळी सगळे मला ओळखत होते.

इथे एक सांगायचं राहिलं, ते पहिल्यांदाच सांगायला हवं होतं. नमुना सुरुवातीच्या धारांचा घेऊ नका. पहिल्या धारांत फॅट फारच कमी आणि शेवटच्या धारांत तिच्या कितीतरी पट असते. पूर्ण धार काढून, सगळं दूध एका भांड्यात ढवळून मग बाटली भरायची. थोडी जागा मोकळी ठेवायची आणि लगेच डीप फ्रीजरमध्ये टाकायची. साय वर आली असेल तर बाटली खळाखळा हलवायची नाही, लोण्याचे कण धरतात. कोमट पाण्यात ठेवून हळूच उलटी-सुलटी करायची.

तिसऱ्या वेळी दोन बाटल्या दिल्या, दोन्ही गोठवलेल्या. एक आताची, एक चराईवर जायच्या आधीची. ती जुनी बाटली मी मुद्दाम ठेवलेली नव्हती, फ्रीजरच्या तळाशी नुसती राहिली होती. तुम्ही चारा बदलणार असाल तर बदलायच्या आदल्या आठवड्यात एक बाटली भरून ठेवा. ती नसती तर माझ्याकडे तुलनेला काहीच नव्हतं.

या वेळी दोन पानी अहवाल आला. मिनिटभर खूश झाले. पामिटिक हे फॅटी ॲसिड ३३ टक्क्यांवरून २७ वर, ओलेइक हे दुसरं वाढलेलं. लोणी मऊ का झालं ते तिथेच कळलं, पामिटिक लोणी घट्ट ठेवतं आणि ओलेइक सैल. मग खाली बघितलं. सीएलए (कॉन्ज्युगेटेड लिनोलेइक ॲसिड): रेघ. व्हॅक्सेनिक: ओळच नाही. सगळ्यात खाली ‘ओळख न पटलेले’, ५.१ टक्के.

गवताची खरी निशाणी नेमक्या त्याच दोन नावांत असते. हिरव्या पानातल्या स्निग्धांशात निम्म्याहून जास्त लिनोलेनिक आम्ल असतं, म्हणजे ओमेगा-३. गाईने ते खाल्लं म्हणजे तसंच्या तसं दुधात उतरलं असं होत नाही. कोटीपोटातले जिवाणू त्यात हायड्रोजन भरत सुटतात आणि बहुतेकाचं स्टिअरिक करून टाकतात. पण काम अर्धवट राहिलेला एक टप्पा निसटून पुढे जातो, तो व्हॅक्सेनिक. हे व्हॅक्सेनिक रक्तातून कासेत पोचतं, आणि तिथलं एक विकर (एन्झाइम) त्याचं सीएलए करतं. दुधातलं सीएलए बहुतांश असं कासेतच बनतं. म्हणजे ज्यासाठी तीनदा खेटे घातले तेच ‘ओळख न पटलेले’ या गाठोड्यात बांधून मला परत दिलंय, असं मला वाटलं.

खिडकीवर विचारलं तर उत्तर, "मशीनला जे दिसलं ते दिलंय, ताई." मी म्हटलं, मशीनला दिसलंय, ओळखता तुम्हाला आलेलं नाही. हे जरा जास्तच झालं असावं, कारण नंतर चार दिवस माझा फोन कुणी उचलेना. पाचव्या दिवशी सरळ जाऊन बाकावर बसले. दुपारनंतर मशीन चालवणाऱ्या ताई स्वतः बाहेर आल्या. काय हवंय नेमकं, असं इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं.

त्यांनी आत नेऊन पडद्यावर आलेख दाखवला. सपाट रेघ आणि त्यातून वर आलेले सुळके, प्रत्येक सुळका एक फॅटी ॲसिड. ओलेइकचा सुळका उंच आणि रुंद, पण डाव्या बाजूला त्याला खांद्यासारखा फुगवटा होता. "तुमचं व्हॅक्सेनिक या खांद्यात दडलंय," त्या म्हणाल्या. कॉलम, म्हणजे मशीनमधली बारीक लांब नळी, आखूड असला की जुळ्या भावांसारखी दिसणारी ही आम्लं वेगळी होत नाहीत, एकमेकांच्या अंगावर चढतात. त्यासाठी १०० मीटरचा कॉलम लागतो. मग लिनोलेनिकच्या थोडा पुढे एक बुटका सुळका त्यांनी पेनाने दाखवला. तिथे सीएलए असायला हवं, पण त्यांच्याकडचं ओळख पटवण्याचं तयार मिश्रण ३७ घटकांचं होतं आणि त्यात सीएलए नव्हतंच. मशीन ज्याला भेटलेलं नाही त्याचं नाव कसं सांगणार?

त्यांनी सीएलएचं वेगळं मानक मागवलं, लांब कॉलम चढवला आणि दोन्ही बाटल्या पुन्हा चालवल्या. त्याची वेगळी फी लागली नाही, हे खिडकीवर कळवायला त्या स्वतः गेल्या. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

निकाल असा. व्हॅक्सेनिक १.२ वरून ३.१ टक्के, सीएलए ०.५ वरून १.३. दोन्ही अडीच पटींच्या आसपास आणि बरोबरीने वाढलेली, म्हणजे एकापासून दुसरं बनतं हे कागदावर दिसत होतं. असा अहवाल आला तर आधी हेच बघा. एक वाढलं आणि दुसरं जागचं हललं नाही, तर कुठेतरी सुळके मिसळलेत. ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांचं प्रमाण साडेपाचावरून दोनवर आलं. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत हेच प्रमाण नेहमीच्या दुधात ५.७७ आणि फक्त गवत-चाऱ्यावरच्या गाईंच्या दुधात ०.९५ आलं होतं. मी धारेच्या वेळी अजून मूठभर भरडा घालते, त्यामुळे माझं मधेच कुठेतरी अडकलंय.

यजमानांनी अहवाल वाचला आणि विचारलं, "म्हणजे औषध झालं का दूध?" नाही झालं. हिशेब मीच करून दाखवला. २५० मिली दुधात साधारण साडेनऊ ग्रॅम फॅट, त्यात लिनोलेनिक ०.८ टक्के, म्हणजे पेल्यामागे ७० मिलिग्रॅम वगैरे. प्रौढ माणसाला दिवसाला एक ते दीड ग्रॅम लागतं. आणि फॅटमधला निम्म्याहून जास्त वाटा अजूनही संपृक्तच (सॅच्युरेटेड) आहे, तो गवताने पुसला जात नाही. फरक खरा आहे, पण लहान आहे. मला तो फरक कागदावर हवा होता, डबीवर छापायला नाही.

अहवाल मागताना एकक विचारून घ्या. आकडे एकूण फॅटी ॲसिडच्या टक्क्यांत आहेत, १०० ग्रॅम फॅटमागे आहेत की १०० ग्रॅम दुधामागे, यावर सगळं अवलंबून आहे, आणि माझ्या पहिल्या दोन पानी अहवालात दोन पानांवर दोन वेगळी एककं होती. आणि चारा बदलल्यावर घाईने नमुना देऊ नका. आठवड्याभरात बदल दिसायला लागतो, पण स्थिरावायला दोन-तीन आठवडे द्यावेत. नुकत्याच व्यालेल्या गाईचं दूधही टाळा, ती अंगावरची चरबी उतरवत असते आणि ओलेइक तिच्यामुळे चढलेलं दिसतं. रंगावर तर अजिबात जाऊ नका. पिवळेपणा बीटा कॅरोटीनचा, तो सीएलएबद्दल काही सांगत नाही.

आता फ्रीजरमध्ये वाळल्या गवताच्या दिवसांतली बाटली भरून ठेवली आहे. वाळवताना गवतातलं लिनोलेनिक आणि कॅरोटीन दोन्ही बरंच जातं, ते किती ते बघायचंय. परवा फॉर्म आणायला गेले, चौकटी अजून चारच आहेत. खिडकीवरच्याने मला बघितलं, फॉर्म पुढे सरकवला आणि म्हणाला, "शेऱ्यात लिहा. लांब कॉलमवर ना?"