पास वसूल होतो का? अनाहाइमच्या दारातला हिशेब

कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमच्या डिस्नीलँडला जाताना आय-५ महामार्गावरून डिस्नीलँड ड्राइव्हला उतरलं की पहिली भेट मिकीची होत नाही, पार्किंगच्या बूथवरच्या माणसाची होते. साध्या गाडीला ३५ डॉलर. आपल्या पुढच्या गाडीतून एक हात फोन पुढे करतो, बूथवाला बारकोड स्कॅन करतो आणि एक पैसाही न घेता गाडी सोडतो. त्याच्याकडे वार्षिक पास असतो, सगळ्यांत महागडा. मागे आपण कार्ड शोधत असतो आणि तेवढ्यात डोक्यात येतं, आपणही काढून टाकावा का? हा विचार करायला याहून वाईट जागा नाही, कारण पास वसूल होतो की नाही ते पार्किंगवर फार थोडं ठरतं.

इथे अलीकडे दर वर्षी ऑक्टोबरमध्ये दर बदलतात. वेगळं सांगितलं नसेल तिथे या लेखात (वरच्या पार्किंगसकट) ऑक्टोबर २०२४ पासून वर्षभर चाललेले दर धरले आहेत.

मिकी अँड फ्रेंड्स या पार्किंगच्या इमारतीत मजल्यांना पात्रांची नावं आहेत: डेझी, गूफी, चिप, डेल. गाडी लावल्यावर खांबाचा फोटो काढा. रात्री सगळे मजले सारखेच दिसतात. खाली उतरलं की सुरक्षा तपासणी आणि मग ट्रॅम. ट्रॅमला मोठी रांग असेल तर डाउनटाउन डिस्नी या दुकानांच्या रस्त्यातून चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात. शेवटी जो मोकळा चौक लागतो तो एस्प्लनेड. उत्तरेला १९५५ चं डिस्नीलँड, दक्षिणेला २००१ चं कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर. एका दिवसाच्या साध्या तिकिटावर यातल्या एकाच दारातून आत जाता येतं, दोन्हीकडे जायचं तर जादा पैसे. पासवाल्यांना दोन्ही दारं उघडी.

हिशेब या चौकातच मांडू. एका दिवसाचं एका पार्कचं तिकीट १०४ ते २०६ डॉलर, दिवस पाहून. ख्रिसमसचा आठवडा वरच्या टोकाला, शाळा चालू असतानाचे मोजके मधले वार खालच्या. सर्वांत वरचा पास, 'इन्स्पायर की' (की म्हणजे किल्ली, इथल्या पासांचं आताचं नाव), १,७४९ डॉलर. त्याला २०६ ने भागा: साडेआठ फेऱ्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये पास १,८९९ झाला आणि महागड्या दिवसाचं तिकीट २२४. पुन्हा भागा: साडेआठच. म्हणजे गर्दीच्या दिवसांच्या मापाने पास महाग झालाच नाही, तिकिटाच्या बरोबरीने वर सरकला.

आता खालच्या टोकाने भागा. १०४ हा आकडा २०१९ च्या जानेवारीपासून जागचा हललेला नाही. तेव्हा एकही दिवस बंद नसलेला सिग्नेचर प्लस पास १,३९९ ला होता, म्हणजे स्वस्त दिवसांच्या साडेतेरा फेऱ्या. १,८९९ ला त्या अठरा होतात. शिवाय तो जुना पास नाताळातही चालायचा, इन्स्पायर ख्रिसमसच्या आसपास चालत नाही. एकूण काय, जो माणूस मुद्दाम गर्दी टाळून मधल्या वारी येतो, त्याच्यासाठी वरचा पास दर वर्षी थोडा थोडा तोट्याचा होत गेला आहे. 'पास महागले' असं सरसकट म्हणताना हा फरक कुणी सांगत नाही.

उडी सर्वांत मोठी बसली ती २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये. ७७९ डॉलरचा प्रीमियम पास बंद झाला आणि तेच सगळं देणारा सिग्नेचर प्लस १,०४९ ला आला. कोविडच्या काळात, जानेवारी २०२१ मध्ये, जुने सगळे पास गुंडाळले गेले. ऑगस्टमध्ये मॅजिक की नावाने नवे आले आणि त्यांच्यासोबत आली आरक्षणाची अट. माझ्या मते भाववाढीपेक्षा ही अट जास्त महागात पडते.

कारण पास म्हणजे प्रवेश नव्हे. तो असतो ठरावीक दिवसांपैकी एखादा दिवस मागण्याचा हक्क. पासवाल्यांसाठी रोजच्या जागा वेगळ्या बाजूला काढलेल्या असतात. त्या संपल्या की संपल्या, मग त्याच दिवसाची तिकिटं खिडकीवर विकली जात असली तरी. २०२१ च्या १,३९९ डॉलरच्या ड्रीम कीवर 'एकही ब्लॉकआउट दिवस (म्हणजे पास चालत नाही असा दिवस) नाही' असं लिहिलेलं होतं, आणि तरीही आरक्षण मिळत नव्हतं म्हणून खटला झाला. २०२३ मध्ये तो ९५ लाख डॉलरवर मिटला. २०२२ पासून ड्रीम कीच्या जागी इन्स्पायर आली, ब्लॉकआउटचे दिवस उघड लिहून.

एका वेळी किती आरक्षणं हातात ठेवता येतात, हे पास घेण्याआधी पाहायला हवं. वरच्या दोन पासांवर सहा, सर्वांत खालच्या इमॅजिनवर दोन. दोन म्हणजे काय? पुढच्या महिन्यातले दोन शुक्रवार धरून ठेवले की डिसेंबरच्या सजावटीसाठी हात रिकामा नाही. एका दिवशी आत गेलात की ती जागा मोकळी होते आणि तेव्हाच पुढचा दिवस धरता येतो. म्हणून सरावलेली मंडळी गेटवर स्कॅन होताक्षणी, मेन स्ट्रीटवर पाऊल टाकायच्या आधी, कडेला उभी राहून पुढचं आरक्षण करून टाकतात. आरक्षण करून न येणं नव्वद दिवसांत तीनदा झालं तर पुढचे तीस दिवस नवं आरक्षण मिळत नाही.

गेटवर पहिल्यांदा पास वापरताना फोटो काढतात, पुढच्या प्रत्येक वेळी तोच फोटो कर्मचाऱ्याच्या पडद्यावर येतो. भाऊ-बहिणींनी आळीपाळीने एक पास वापरायची कल्पना इथेच संपते. तीन वर्षांखालच्या मुलाला काहीच लागत नाही. तीन वर्षांचं झालं की मात्र पासाचा दर मोठ्यांइतकाच. तिकिटात तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना थोडी सूट असते, पासात नसते. त्यामुळे मुलाचा पास वसूल व्हायला मोठ्यांपेक्षा जास्त फेऱ्या लागतात.

मग चौघांच्या घराने काय करावं? चारही इन्स्पायर घेतले तर ६,९९६ डॉलर. पण फुकट पार्किंग गाडीमागे असतं, माणसामागे नाही, आणि जेवणावरची १५ टक्के सूट बिल ज्याच्या पासावर होतं त्याच्या हिशेबाने. एक इन्स्पायर आणि त्याच्या खालच्या पायरीचे तीन बिलीव्ह पास (प्रत्येकी १,३७४) घेतले तर ५,८७१, म्हणजे १,१२५ वाचले. फक्त दोन्ही पासांचे ब्लॉकआउट दिनदर्शिकेवर एकमेकांवर ठेवून पाहा. इन्स्पायर चालतो आणि बिलीव्ह चालत नाही अशा दिवशी घरातला एकच जण आत जाऊ शकतो.

एकट्या माणसाने इन्स्पायर घ्यावा की बिलीव्ह? फरक ३७५ डॉलर. बिलीव्हवर पार्किंग अर्ध्या दरात, म्हणजे बारा फेऱ्यांत इन्स्पायरवाला २१० जास्त वाचवतो. जेवणावर बिलीव्हची सूट १० टक्के, इन्स्पायरची १५. दर फेरीला ८० डॉलरचं खाणं धरलं तरी बारा फेऱ्यांत ४८. उरले ११७. ते दुकानातल्या सुटीतून काढायचे, तिथे फरक १० टक्क्यांचा. म्हणजे वर्षाला जवळजवळ १,२०० डॉलरचे मिकीचे कान, टी-शर्ट आणि कॉफीचे मग. ज्यांच्या कपाटात आधीच पाच जोड कान आहेत त्यांनी बिलीव्हवर थांबावं, नाहीतर नेमके ते जादाचे उघडे दिवस आपल्याला खरंच हवे आहेत का ते बघावं.

आत गेल्यावर पास कुठे थांबतो तेही कळतं. १९५५ मध्ये प्रवेश एक डॉलर होता आणि प्रत्येक राइडचं तिकीट वेगळं. पुढे ए ते ई अशा तिकिटांची पुस्तिका मिळायची, १९८२ मध्ये ती बंद होऊन एकाच दरात सगळं सुरू झालं. आता रांग टाळायची तर लाइटनिंग लेन मल्टी पास, माणशी दिवसाला ३२ डॉलरपासून. राइझ ऑफ द रेझिस्टन्स आणि रेडिएटर स्प्रिंग्ज रेसर्स या राइड त्यातही धरलेल्या नाहीत, त्यांचे पैसे वेगळे. राइडमागे पैसे मोजायची पद्धत मागच्या दाराने परत आली म्हणायची. वार्षिक पासात हे येत नाही. पण पासवाल्याला याची गरजही कमी पडते. तिकीट काढून आलेला माणूस आठ तासांत पंधरा राइड उरकायच्या घाईत असतो. पासवाला संध्याकाळी पाचला येतो, दोन राइड करतो, बाकावर बसून मिरवणूक बघतो आणि जातो. ज्यांना असं यायचं आहे आणि जे तासाभराच्या आत राहतात, पास त्यांच्यासाठीच आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ९०००० ते ९३५९९ पिनकोडवाल्यांना इमॅजिन की ५९९ ला मिळते. ती चालते ते दिवस बहुतेक स्वस्त तिकिटाचे असतात, तिकीट १३० धरलं तरी पाचव्या फेरीला पैसे वसूल. सगळ्या पासांत माझं मत यालाच.

लांबून येणाऱ्यांनी पासाची तुलना एका दिवसाच्या तिकिटाशी करूच नये. पाच दिवसांचं तिकीट ५११ डॉलर, दिवसाला १०२. पहिल्या वापरापासून तेरा दिवसांत संपवायचं. या मापाने इन्स्पायर वसूल व्हायला सतराहून थोडे जास्तच दिवस लागतात. तीन दिवसांचं ४१५, वर्षातून दोनदा आलात तर ८३०. तिसरी फेरी ठरली तर १,२४५, आणि तिथे १,३७४ च्या बिलीव्हचा विचार सुरू होतो. एक युक्ती चालते: पास ऑक्टोबरच्या मध्याला घेतला तर पुढच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीची फेरीही त्यातच बसते, हॅलोविनची सजावट दोनदा. पासाची शेवटची तारीख खरेदीच्या वेळीच पावतीवर वाचून घ्या.

पास नक्की करण्याआधी दुरुस्तीसाठी कोणती राइड बंद आहे तेही पाहा. हाँटेड मॅन्शन २०२४ च्या जानेवारीत बंद झालं ते जुलैत उघडलं. स्प्लॅश माउंटन मे २०२३ अखेर बंद झाला आणि त्याच जागी टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं. ज्यांचा पास या मधल्या काळातच सुरू होऊन संपला आणि ज्यांनी नूतनीकरण केलं नाही त्यांना त्या जागी वर्षभर कुंपणच दिसलं. पासाचे पैसे त्यासाठी कमी होत नाहीत.

मासिक हप्ता फक्त कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना मिळतो, बिनव्याजी. आधी काही रक्कम भरायची आणि बाकी बारा हप्त्यांत. यायचं थांबलं म्हणून हप्ता थांबत नाही. ठरत नसेल तर साधं तिकीट काढून आत जा. पासांची विक्री चालू असेल तर तिकिटाची मुदत संपायच्या आत, म्हणजे एका दिवसाच्या तिकिटावर त्याच दिवशी, फरक भरून पास करून घेता येतो. दुपारपर्यंत पाय काय म्हणतात ते कळलेलं असतं.

आतषबाजी संपली की सगळा जमाव एकाच वेळी ट्रॅमकडे वळतो. रांगेत अर्धा तास जातो, तेव्हा फोन उघडून उद्याचं आरक्षण बघा. यायचं नसेल तर रात्री ११:५९ च्या आत रद्द करा. मग मजला शोधा, डेझी की गूफी.