तुम्ही विचारलंत म्हणून: भर भरतीला बेटावर का जायचं नाही?

"मालकाची परवानगी आहे, होडी आहे, भरतीला पाणी थेट वाळूपर्यंत येतं. मग तेव्हाच का नको?" हे इतक्या वेळा विचारलं गेलंय की आता लिहूनच टाकतो.

होडी किनाऱ्याला लावणं सोपं. ती परत पाण्यात कशी न्यायची, हे मात्र कुणीच विचारत नाही.

भर भरतीला होडी अगदी वर, सुक्या वाळूपाशी टेकते. पाणी थबकल्यासारखं वाटतं आणि तिथेच फसगत होते. ओहोटीच्या पहिल्या तासात एकूण उतरणीचा बारावा हिस्सा जातो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. भरती-ओहोटीत चार मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात जेमतेम फूटभर पाणी उतरतं. पण किनारा सपाट असला की तेवढ्यानेच सहा-सात मीटर वाळू उघडी पडते. नाळेखालची (होडीच्या पुढच्या टोकाखालची) चकचकीत वाळू पाऊल टेकताच भोवताली पांढरट होऊ लागली, की वेळ गेलेली असते. तीनशे किलोची होडी दोघांना ढकलत नाही. इंजिन लावलं तर पंखा वाळूत रुततो, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याबरोबर वाळू आत जाते. पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी. उधाण (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती) ओसरत असेल तर ती तिथवर पोचतच नाही. मग होडी पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे पंधरवडाभरही अडकू शकते.

पूर्वी मीही "भरतीलाच जा" सांगायचो. तेव्हा खडकांवर भरपूर पाणी असतं, हे कारण आजही खोटं नाही.

तरी आता सांगतो: अर्धी भरती झाली की, पाणी चढत असताना किनाऱ्याला लागा. होडी टेकलीच तर थोड्या वेळात आपोआप तरंगते. आत शिरतानाच मागच्या बाजूने नांगर टाका. दोर मोजताना आत्ताची खोली धरू नका. आत्ता एक मीटर पाणी, अजून दोन मीटर चढणार, होडीचा काठ पाण्यापासून अर्धा मीटर वर: साडेतीन मीटर झाले. त्याच्या पाचपट, म्हणजे साडेसतरा मीटर दोर हवा. कमी सोडलात तर पाणी चढताना दोर उभा ताणला जातो आणि नांगर उपटतो. आणि पाणी फिरायच्या, म्हणजे ओहोटी लागायच्या, आत निघा.

काही बेटांच्या धक्क्याला मात्र भर भरतीशिवाय लागताच येत नाही. तिथे मी एकाला होडीतच ठेवून, बाकीच्यांना उतरवून, होडी खोल पाण्यात न्यायला सांगतो. हे कुणालाच आवडत नाही, आणि याहून बरा उपाय मलाही सापडलेला नाही.