याकोबाच्या कबरीपर्यंत

पत्नीच्या निधनाला चौदा महिने झाले असताना मी स्पेनमधील सारिया या गावाहून सान्तियागो दे कोम्पोस्तेला या तीर्थक्षेत्राकडे पायी निघालो. अंतर सुमारे 115 किलोमीटर, दिवस सहा. किमान 100 किलोमीटर चालल्याचे शिक्के यात्रापुस्तिकेत दाखवले की तेथे प्रमाणपत्र मिळते. माझे काम मात्र, ही वाट ज्याच्या नावाने ओळखली जाते, त्या प्रेषित याकोबाकडे होते.

त्याचे कारण बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे. योहानाचा भाऊ याकोब याला हेरोद राजाने तलवारीने मारले, हे तेथे एका वाक्यात आटोपते आणि लगेच पेत्र या दुसऱ्या प्रेषिताच्या तुरुंगातून सुटकेची सविस्तर कथा सुरू होते: ख्रिस्ती मंडळी त्याच्यासाठी कळकळीने प्रार्थना करते, देवदूत येतो, साखळ्या गळून पडतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. याकोबासाठी कोणी प्रार्थनाच केली नसेल, असे मला वाटत नाही. पत्नीच्या शेजारच्या खाटेवरील बाई बरी होऊन घरी गेली. आमच्या मंडळीने दोघींची नावे एकाच रात्री, एकाच प्रार्थनेत घेतली होती. तेव्हापासून पेत्राची ती गोष्ट मी वाचूच शकत नव्हतो.

पहिला मुक्काम पोर्तोमारिनला होता. मिन्यो नदीवरील धरणात जुने गाव बुडण्यापूर्वी तेथील चर्चचा एकेक दगड सोडवून ते उंचावर पुन्हा उभारले गेले आणि काही दगडांवर त्या वेळी घातलेले क्रमांक अजूनही दिसतात. एका पुसट आकड्यावर बोट ठेवून मी बराच वेळ उभा राहिलो. यातून काही बोध काढण्याचा मोह झाला, पण आवरला. सांत्वनाला येणाऱ्यांनी वर्षभर मला पुष्कळ बोध ऐकवले होते. ‘देवाची काहीतरी योजना असेल’ हे वाक्य ज्याचे दुःख त्याने हवे तर स्वतः म्हणावे, इतरांनी त्याला ऐकवू नये, असे माझे मत झाले आहे. त्यापेक्षा बायबलमधील अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मला जवळचे वाटते. ते अंधारातच संपते, तरी त्यातली सगळी तक्रार देवापाशीच केलेली आहे.

मधले दिवस पावसाचे होते. टाचेला आलेला फोड आणि ओले मोजे याखेरीज त्यांविषयी सांगण्यासारखे थोडेच. पण तिसऱ्या दिवशी चालताना येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ म्हणत असताना मी नेहमीच्या जागी अडखळलो. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ या ओळीला गेले वर्षभर मी उपासनेत गप्प राहत असे, कारण ती मला ‘जे झाले ते तुझ्या इच्छेने झाले’ अशी ऐकू येई. त्या दिवशी प्रथमच लक्षात आले की तेथे ‘झाले’ नाही, ‘होवो’ आहे. ती घडून गेलेल्या गोष्टीला दिलेली संमती नसून अजून पृथ्वीवर न घडलेल्या गोष्टीसाठी केलेली मागणी आहे. अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत येशूनेही हेच शब्द उच्चारले, पण दुःखाचा प्याला टळावा अशी विनवणी आधी करून. आणि तेव्हा जवळच झोपी गेलेल्या तीन शिष्यांमध्ये याकोब होता.

सान्तियागोच्या कॅथेड्रलमध्ये मुख्य वेदीखाली उतरले की जाळीपलीकडे चांदीची पेटी दिसते. तिच्यातील अस्थी याकोबाच्या आहेत, असे परंपरा सांगते. तो वाद मी इतिहासकारांवर सोडला. मागे रांग उभी होती. मी प्रार्थना पहिल्यापासून म्हटली, त्या ओळीवर आवाज कापला, पण थांबलो नाही. मग पत्नीचे नाव घेतले, शेजारच्या खाटेवरील त्या बाईचेही घेतले, आणि पायऱ्या चढून वर आलो.