जुने इंकजेट टिकायचे, त्याचं कारण हेडमधे आहे

आमच्या अमळनेरला चुलतभावाचं फॉर्म भरायचं दुकान आहे, तिथे एक जुना इंकजेट, म्हणजे शाईचा प्रिंटर, अजून चालू आहे आणि त्याच्यानंतर घेतलेले दोन नवे भंगारात गेले. लोक म्हणतात जुन्या मालाचा दर्जाच वेगळा होता. थोडं खरंय ते, १९८८ साली एचपीचा पहिला डेस्कजेट आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत हजार डॉलरच्या आसपास होती, एवढे पैसे घेतल्यावर दांडा, गिअर, बॉडी दणकट द्यावीच लागते. आता मशीन स्वस्तात देतात आणि पैसा शाईवर काढतात.

पण माझ्या मते खरा फरक हेडचा, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागाचा. त्या जुन्या मशीनमधे हेड कार्ट्रिजलाच (शाईच्या डबीलाच) चिकटलेलं असायचं, म्हणजे कार्ट्रिज बदललं की नोझल, म्हणजे शाई सोडणारी भोकं, कोरे करकरीत. नोझल केसापेक्षा बारीक असतात, शाई वाळली की बंद. आता बऱ्याच मशीनमधे हेड आतच फिक्स, ते गेलं की रिपेअरवाला सरळ सांगतो, "हेड गयं भो, आते नवीनच ल्या", कारण हेडची किंमत मशीनच्या जवळ जाते.

त्यात आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या दुकानात तर बघायलाच नको, आणि आठ दिवस कोणी प्रिंट काढली नाही की काळ्या रंगात पांढऱ्या रेघा सुरू. प्रिंट चालू असताना लाइट गेली तर हेड मधेच उघडं राहतं, रबराच्या टोपीवर जाऊन बसत नाही, तसंच बोर्डाचं बटण दाबून बंद करणाऱ्यांचं होतं. मशीनच्याच बटणाने बंद करा, हे मी सगळ्यांना सांगत असतो.

मग हेड क्लिनिंग मारतात, म्हणजे शाई सोडून नोझल साफ करतात, ती शाई कुठे जाते? खाली स्पंजसारखा पॅड असतो, त्यात. मशीन त्याचा हिशोब आत ठेवतं आणि आकडा भरला की हेड ठणठणीत असलं तरी प्रिंट बंद, नुसते लाइट लुकलुकतात. चांगली मशीनं अशी फेकली जातात याचा मला खरंच राग येतो. आणि कार्ट्रिजवरच्या, कंपनी ओळखणाऱ्या चिपचं वेगळंच, सप्टेंबर २०१६ मधे एचपीच्या काही ऑफिसजेटनी बाहेरच्या कंपनीची कार्ट्रिज एकदम घ्यायचं बंद केलं होतं, केवढा गदारोळ झाला. जुन्या मशीनला आम्ही सिरिंजने शाई भरायचो, कोणी विचारत नव्हतं.

अर्थात जुन्याचा पानाचा खर्च फार पडायचा. २०१० मधे एप्सनने टाकीवाले, म्हणजे बाटलीतून शाई ओतायचे, प्रिंटर काढले ते आधी इंडोनेशियात, नंतर आपल्याकडे आले आणि सातबारा, हॉलतिकीट, आधारच्या प्रिंटा काढणाऱ्या दुकानांचं गणितच बदललं, ते मी मान्य करतो. म्हणून टाकीवालाच घ्या, पण घेताना दुकानदाराला विचारा की हेड वेगळं काढून बदलता येतं का, कॅननच्या जी सिरीजच्या बऱ्याच मशीनमधे येतं. आणि पॅडऐवजी मेंटेनन्स बॉक्स (वाया शाई गोळा करणारा डबा) आहे का तेही बघा, काही नव्या मॉडेलमधे तो घरच्या घरी बदलता येतो.