चोवीसशे चौरस फूट

मी मरीन सर्व्हेअर. जहाजावर चढायचं, माल बघायचा, मापं घ्यायची आणि सही करून खाली उतरायचं, हा धंदा. तांदळाचं पोतं भिजलेलं निघालं, तर ते पावसाने भिजलं, घामाने भिजलं की समुद्राच्या पाण्याने, यावर लाखोंचे दावे उभे राहतात. म्हणून सिल्व्हर नायट्रेटची छोटी बाटली कायम बॅगेत असते. ओल्या पोत्यावर थेंब टाकला आणि दुधाळ झाला, की समजायचं खारं पाणी आत शिरलंय. असली कामं करण्यात आयुष्य गेलं. माणसं हा माल म्हणून मोजायची वेळ एकदाच आली.

मॉरिशसला गेलेल्या हिंदी मजुरांवर एक प्रदर्शन होणार होतं. त्यासाठी एका जहाजाचं मॉडेल करून घेतलं होतं, एका बाजूने उघडं, म्हणजे आतले मजले दिसावेत. मॉरिशसच्या राजधानीतल्या, पोर्ट लुईच्या कोणा अभ्यासकाने फोटो बघून शंका काढली, म्हणून प्रदर्शनाचं काम पाहणाऱ्या बाईंनी मला गाठलं. "सर, तुम्ही फक्त एकदा बघून बरोबर आहे म्हणा." ही 'फक्त सही'ची विनंती मला चांगली ओळखीची आहे.

मॉडेल लालबागला एका गाळ्यात होतं. करणारा कारागीर गणपतीच्या सजावटींतला, साठीच्या पुढचा, हात विलक्षण. सागवानाच्या पट्ट्या वाकवून त्याने साधारण एकशे तीस फुटी जहाज चोवीस पट लहान केलं होतं. दोर, डोलकाठ्या, कप्प्या, सगळं जिथल्या तिथे. आत मात्र घोळ होता. सगळ्यांत खाली, तळाच्या होल्डमध्ये, म्हणजे मालाच्या कोठारात, पावणेतीन इंची माणसं खच्चून भरलेली, आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर तांदळाची पोती.

"दादा, हे उलटं आहे," मी म्हटलं.

बाई म्हणाल्या, "पण सर, तळाशी कोंबून नेत ना?"

मी म्हटलं, माणसं तळाशी ठेवली तर पाणी कुठे ठेवाल?

तिथून खरा हिशेब सुरू झाला. शिडाच्या जहाजाला नळ नाही, बर्फ नाही, वाटेत भरायची खात्री नाही. माणशी रोज एक गॅलन, म्हणजे साडेचार लिटर पाणी, पिण्याचं आणि स्वयंपाकाचं मिळून. माणसं दोनशे धरली, आणि वारा पडला तरी पुरावं म्हणून आठ आठवडे धरले, तर अकरा हजार दोनशे गॅलन होतात. म्हणजे जवळपास एक्कावन्न टन. खलाशांचं वेगळं. एवढं वजन वरच्या मजल्यावर ठेवून जहाज बंदराबाहेर काढा, पहिल्याच मोठ्या लाटेला ते आडवं होईल. म्हणून पिंपं तळाला. त्यांच्यासोबत बॅलास्ट, म्हणजे जहाज स्थिर ठेवायला भरलेलं वजन, रोजच्या शिध्याचा तांदूळ-डाळ, आणि चुलीसाठी सरपण. दोनशे जणांचा भात लाकडावर शिजवायचा, तर सरपण किती लागत असेल याचा विचार कोणी करत नाही. मॉडेलमध्ये एक काटकीही नव्हती.

आणि पाणी संपत जातं तसं जहाज खालून हलकं होत जातं. मग रिकाम्या पिंपांत समुद्राचं पाणी भरून वजन राखायचं. पुन्हा गोडं पाणी भरताना पिंप नीट धुतलं नाही, तर पुढच्या सफरीतल्या लोकांनी ते प्यायचं. माझी सिल्व्हर नायट्रेटची बाटली तिथे लावायला मिळाली असती तर, असं उगाच मनात येऊन गेलं.

उरलेल्या जागेत धंद्याचा माल. ऊसमळ्यांचं बेट स्वतःपुरतं धान्य पिकवत नव्हतं, त्यामुळे हिंदुस्थानातून मजूर जायचे तसा त्यांच्या पोटाचा तांदूळही जायचा, आणि बरेचदा एकाच जहाजातून. परतीला साखर. मालकाच्या दृष्टीने जहाज कुठल्याच बाजूला रिकामं जाता कामा नये, हे तेव्हाही तसंच होतं आणि आजही तसंच आहे.

माणसं असायची मधल्या मजल्यावर, ट्वीन डेकवर. वर उघडा डेक, खाली माल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या हिंदुस्थानी कायद्यांत त्याचं माप दिलेलं आहे: मोठ्या माणसामागे बारा चौरस फूट, बहात्तर घनफूट. बहात्तरला बाराने भागा, म्हणजे छताची उंची सहा फूट. बारा चौरस फूट म्हणजे सहा बाय दोन, एक चटई. मी गाळ्याच्या फरशीवर खडूने तेवढा चौकोन आखला. कारागीर काही न बोलता चप्पल काढून त्यात आडवा झाला. दोन्ही कोपरं रेषेबाहेर.

"साहेब, कुशीवर वळलं की बसतो," तो झोपूनच म्हणाला.

या मॉडेलच्या ट्वीन डेकची वापरता येईल अशी लांबी शंभर फूट, सरासरी रुंदी सत्तावीस. हॅच (डेकमधलं खाली उतरायचं झाकणाचं तोंड), डोलकाठ्या, शिडी, पंप यांचे तीनशे चौरस फूट वजा केले. उरले चोवीसशे. भागिले बारा, दोनशे. बाईंनी सांगितलं की त्यांनी दोनशेचीच ऑर्डर दिली होती, एका लेखातला आकडा बघून. म्हणजे आकडा बरोबर आणि मजला चूक.

त्यांचा चेहरा मात्र पडला. दोनशे बाहुल्या ट्वीन डेकवर मांडल्या तर ते फारच नीटनेटकं दिसेल, अशी त्यांची अडचण. प्रेक्षकाला धक्का बसायला हवा. मी म्हटलं, मी तांदळाच्या जहाजांवर काम करतो. पोत्यांमधला तांदूळ गरम होतो, ओल सोडतो. आम्ही आजही बांबू आणि चटया घालून पोतं लोखंडाला टेकू देत नाही, आणि हवा बरी असेल तेव्हा व्हेंटिलेशन चालू ठेवतो, नाहीतर वरच्या पत्र्यावरून पाणी ठिबकतं. आता तो तांदूळ खाली, वर बंद फळ्या, मध्ये दोनशे माणसांचा श्वास. चांगल्या हवेत हॅच उघडे, वरून कापडी नळा सोडून वारा आत घेतलेला. वादळात हॅच बंद, वर ताडपत्री, आत काळोख. कोकणातल्या शेतकऱ्याने तोवर होडी पाहिली असेल, पण दिवसभर न दिसणारा समुद्र पाहिला नसेल. हे सगळं नियमात बसणारं होतं. नियमभंग करायची गरजच नव्हती.

आणि सही करणारा माझ्याच धंद्यातला कोणीतरी असणार. निघण्याआधी जहाज तपासायचं, माप घ्यायचं, पाणी-शिधा मोजायचा, मगच परवाना, अशी रीत होती. आमच्याकडे असतात तसेच त्यांच्यात चांगलेही असतील आणि हॅचमध्ये न उतरता सही करणारेही.

बाईंनी पाट्यांचा मजकूर वाचून दाखवला. तो चांगला होता. 1834 च्या 2 नोव्हेंबरला 'अ‍ॅटलस' जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. 1835 च्या 1 फेब्रुवारीपासून बेटावर गुलामी कायद्याने संपली. मळेवाल्यांना हात हवे होते. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. पुढच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसं तिथे उतरली. कलकत्ता आणि मद्रासच्या तुलनेत मुंबईचा वाटा कमी, पण त्यातच आपली रत्नागिरी-सावंतवाडीकडची माणसं. मी म्हटलं, यात 1856 घाला. त्या जानेवारीत कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर कॉलरा होता, म्हणून लोकांना किनाऱ्यावर न घेता गॅब्रिएल नावाच्या उघड्या बेटावर उतरवलं. तिथे अडीचशेहून जास्त माणसं मेली, आणि हिंदुस्थान सरकारने मॉरिशसची भरती काही काळ बंद केली. जहाजं समुद्रात बुडाली नव्हती, पोचली होती. बाईंनी लगेच लिहून घेतलं.

मग डेकची पाळी. कारागिराने तिथे फक्त खलाशी ठेवले होते. मी त्याला चूल सांगितली, भंडारी म्हणजे स्वयंपाकी सांगितला, झाडलोट आणि संडास बघणारा टोपास सांगितला. टोपास शब्द ऐकून तो हसला. त्याचा मामा बोटीवर होता. आजाऱ्यांसाठी वेगळी जागा आणि एक डॉक्टर. बऱ्याच दूरच्या वसाहतींच्या जहाजांवर डॉक्टरचं मानधन जिवंत उतरलेल्या डोक्यांवर ठरायचं, हेही बोललो. त्याला ते फार आवडलं. "बरोबरच आहे की. नग पोचला तर पैसे."

शेवटचा प्रश्न बाहुल्यांच्या संख्येचा. दोनशे हा आकडा मोठ्या माणसांचा. कायद्याच्या हिशेबात लहान मुलं दोन मिळून एक, तान्ही हिशेबातच नाहीत. कुटुंबं दाखवायची असतील तर वीस मोठी माणसं कमी करून त्यांच्या जागी चाळीस मुलं घालता येतील. मग डोकी दोनशे वीस, शिवाय कडेवरची पाच-सहा. जागा तीच, चोवीसशे चौरस फूट, आणि कागदावर अजूनही दोनशेच.

बाईंना हे पटलं. त्यांनी कारागिराला जादा बाहुल्यांचा दर विचारला. मुलं अर्ध्या आकाराची, म्हणजे दरही अर्धा धरायचा ना?

"नाय मॅडम," तो म्हणाला. "लहान-मोठं एकच भाव. आणि तान्ही असतील तर त्यांचे जास्त होतील. बारीक काम असतं ते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, दादांचा दर बरोबर आहे, द्या.